एनएचएलमध्ये पगार उतरवायचा तर किती मोजावं लागतं? नवीन मंडळींसाठी स्टेप बाय स्टेप

आयपीएल बघून बघून आपल्या डोक्यात एक हिशोब फिट्ट बसलेला असतो, प्लेअर महाग पडला की रिलीज करा आणि पैसे पर्समध्ये परत. केकेआरने वेंकटेश अय्यरला २३.७५ कोटींना घेतलं, एका सीझननंतर सोडून दिलं, आणि पुढच्या ऑक्शनआधी ते २३.७५ कोटी जसेच्या तसे पर्समध्ये जमा. विषय संपला.

एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकी लीगमध्ये, हे चालत नाही. तिथे करार गॅरंटीड असतो, सही झाली की ते पैसे त्या प्लेअरचे, तो खेळो न खेळो, आणि ते टीमच्या सॅलरी कॅपमध्ये (एका टीमने पगारावर किती खर्च करायचा त्याची मर्यादा) मोजले जाणार म्हणजे जाणारच. त्यामुळे तिथे पगार "कमी करणं" हीच एक विकत घ्यायची गोष्ट होऊन बसलीय. टोरंटो, कॅल्गरी, व्हँकुव्हर अशा शहरांत नवीन गेलेली आपली बरीच मंडळी ऑफिसमधल्या गप्पांमुळे हॉकी बघायला लागतात आणि मग पहिला प्रश्न हाच येतो, की अरे यांनी चांगला प्लेअर दिला, वर पहिल्या राउंडचा पिक (म्हणजे ड्राफ्टमध्ये नवीन पोरं निवडायचा हक्क) दिला, आणि बदल्यात काहीच घेतलं नाही, हे काय येडे आहेत का? येडे नाहीयेत (कधीकधी असतात, त्यावर पुढे येतोच). असे ट्रेड वाचायचे कसे आणि त्यांची किंमत काढायची कशी ते एकेक करून बघू.

स्टेप १: आधी कॅप समजून घ्या

२००४-०५ चा अख्खा सीझन मालक आणि प्लेअर्सच्या भांडणात रद्द झाला आणि २००५-०६ पासून हार्ड कॅप आली, सुरुवातीचा आकडा ३९ मिलियन डॉलर. हार्ड म्हणजे हार्ड, एनबीएसारखं (तिथली बास्केटबॉल लीग) टॅक्स भरून वर जायची सोय नाही. तिथून आकडा चढत चढत ८१.५ मिलियनवर आला आणि मग कोविड आला, स्टेडियम रिकामी, उत्पन्न बसलं, आणि कॅप गोठली. २०१९-२० पासून सलग तीन सीझन ८१.५, मग ८२.५, मग ८३.५. हा "फ्लॅट कॅप"चा काळ लक्षात ठेवा कारण पगार उतरवायचे बहुतेक गाजलेले किस्से त्याच काळातले आहेत, टीमांनी कॅप दरवर्षी वाढेल असं धरून करार करून ठेवले होते आणि वाढलीच नाही. २०२४-२५ ला ८८ आणि २०२५-२६ ला एकदम ९५.५ झाली तेव्हा कुठे सगळ्यांना श्वास घेता आला.

दुसरी एक गोष्ट नवीन माणूस हमखास विसरतो, कॅपला खालून पण मर्यादा आहे. त्याला फ्लोअर म्हणतात, २०२५-२६ मध्ये तो ७०.६ मिलियन. त्याच्या खाली राहता येत नाही. म्हणजे लीगमध्ये एका बाजूला जागा नाही म्हणून रडणाऱ्या टीम्स आणि दुसऱ्या बाजूला आकडा भरायचा कसा म्हणून डोकं खाजवणाऱ्या टीम्स, आणि हा सगळा बाजार या दोघांच्या मध्ये भरतो.

स्टेप २: कॅप हिट वेगळा, हातात पडणारा पगार वेगळा

कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं म्हणजे कॅप हिट. ५ वर्षांचे ३० मिलियन असतील तर दरवर्षी ६ मोजणार, मग त्या वर्षी प्रत्यक्षात ९ दिले असोत नाहीतर ३. ही फट फार महत्त्वाची आहे.

मारियन होसाचं उदाहरण घ्या. शिकागोने त्याला १२ वर्षांचा करार दिला होता, कॅप हिट ५.२७५ मिलियन, पण शेवटच्या वर्षांत प्रत्यक्ष पगार फक्त १ मिलियन. त्वचेच्या आजारामुळे त्याचं खेळणं थांबलं आणि २०१८ मध्ये शिकागोने तो करार अॅरिझोनाला दिला, सोबत विनी हिनोस्ट्रोझा नावाचा चांगला तरुण फॉरवर्ड जोडून दिला. अॅरिझोना म्हणजे तेव्हा पैशाची कायम बोंब असलेली टीम, त्यांना फ्लोअर गाठायला ५.२७५ चा आकडा मिळाला आणि खर्च त्याच्या पाचव्या हिश्शापेक्षाही कमी. शिकागोला जागा मिळाली, अॅरिझोनाला आकडा आणि प्लेअर मिळाला. २०१६ मध्ये डेट्रॉइटने तसंच केलं, पावेल डॅट्सुक रशियाला परत निघाला होता, त्याचे ७.५ मिलियन कॅपवर बसणार होते, ते अॅरिझोनाला दिले आणि त्यासाठी ड्राफ्टमध्ये १६ व्या नंबरवरून २० व्यावर खाली आले (वर ५३ वा नंबर मिळाला ते वेगळं). १६ वर अॅरिझोनाने जेकब चिकरन उचलला. जो माणूस खेळणारच नाही त्याचा कागद हलवायला एवढं!

म्हणून सवय लावून घ्या, कुठलाही करार बघताना तीन आकडे बघायचे: कॅप हिट किती, यावर्षी प्रत्यक्ष देणं किती, आणि त्यातला साइनिंग बोनस किती. बोनसचं का ते बायआउटमध्ये कळेल.

स्टेप ३: फुकटातले मार्ग आधी तपासा

पिक देऊन पगार उतरवणं हा शेवटचा उपाय. त्याआधी जीएम (जनरल मॅनेजर, टीमचे करार-ट्रेड ठरवणारा माणूस) दोन-तीन स्वस्त दारं ठोठावून बघतो.

पहिलं दार वेव्हर्स. प्लेअरला वेव्हर्सवर टाकलं की बाकीच्या टीम्सना साधारण एक दिवस मिळतो, कुणी उचलला तर अख्खा करार त्यांच्या अंगावर आणि तुम्ही मोकळे, एक पैसा न देता. ऐकायला भारी, पण वाईट करार कोण उचलतंय? टॅम्पा बेने २०२० चा स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला आणि दोन आठवडेही झाले नव्हते तोवर टायलर जॉन्सनला वेव्हर्सवर टाकला, ५ मिलियनचा कॅप हिट, अजून चार वर्षं शिल्लक. चांगला प्लेअर, कप जिंकलेला, आणि तरी एकाही टीमने हात लावला नाही. बाजाराने त्याचा भाव तिथेच सांगून टाकला. शेवटी जुलै २०२१ ला टॅम्पाने त्याला शिकागोला दिला, वर २०२३ चा सेकंड राउंड पिक दिला आणि बदल्यात ब्रेंट सीब्रुकचा करार घेतला, जो दुखापतीमुळे परत खेळणारच नव्हता. अशा करारासाठी लाँग टर्म इंज्युरी नावाची सोय असते, त्याच्या कॅप हिटइतकं कॅपच्या वर जायची मुभा मिळते. म्हणजे जिवंत ५ मिलियनचा प्रश्न कागदी ६.८७५ मिलियनने सोडवला.

दुसरं दार मायनर लीग, म्हणजे प्लेअरला खालच्या दर्जाच्या लीगमध्ये पाठवणं. पूर्वी हे फार सोपं होतं, २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सनी वेड रेडनला, ६.५ मिलियन कॅप हिटवाला माणूस, खाली पाठवला आणि तो कॅपवरून पूर्ण गायब. लीग आणि प्लेअर्समधल्या २०१३ च्या कामगार करारात हे भोक बुजवलं. आता खाली पाठवलं तर लीगचा किमान पगार अधिक ३ लाख ७५ हजार एवढीच सूट, २०२५-२६ च्या हिशोबाने १.१५ मिलियन. म्हणजे ५ मिलियनचा माणूस खाली पाठवला तरी ३.८५ तुमच्या बोकांडी. छोट्या करारांना हे चालतं, मोठ्यांना नाही.

तिसरं म्हणजे सरळ ट्रेड, कुणाला तो प्लेअर खरंच हवा असेल तर. हे होतं, पण अडलेला माणूस विकायला आलाय हे सगळ्या बाजाराला माहिती असतं. न्यूयॉर्क आयलंडर्सने २०२० मध्ये डेव्हन टेव्स कोलोराडोला दोन सेकंड राउंड पिकना दिला, कारण त्याला द्यायला कॅपमध्ये जागा नव्हती. दोन वर्षांनी तोच टेव्स कोलोराडोच्या कप जिंकणाऱ्या टीमचा पहिल्या जोडीतला डिफेन्समन. आयलंडर्सना वरकरणी "काहीतरी मिळालं", पण पगार उतरवायची सगळ्यात मोठी किंमत त्यांनीच मोजली असं माझं मत आहे, फक्त ती ट्रेडच्या कागदावर दिसत नाही.

स्टेप ४: थोडा पगार स्वतःकडे ठेवता येतो का बघा

याला रिटेन्शन म्हणतात. प्लेअर द्यायचा पण त्याच्या कॅप हिटचा काही भाग, जास्तीत जास्त अर्धा, आपल्याकडे ठेवायचा. नियम: एका वेळी एका टीमकडे असे तीनच करार, आणि मिळून कॅपच्या १५ टक्क्यांच्या वर नाही. आणि जो भाग ठेवला तो करार संपेपर्यंत तुमचाच, मध्येच झटकता येत नाही. म्हणून शेवटच्या वर्षाच्या करारावर रिटेन्शन स्वस्त, चार वर्षं उरलेल्यावर गळ्यात धोंडा.

एकाच करारावर दोन टीम्सना रिटेन करता येतं आणि त्यातून दलालीचा धंदा निघाला. एप्रिल २०२१, डेव्हिड सव्हार्ड कोलंबसहून टॅम्पाला जायचा होता, कॅप हिट ४.२५. कोलंबसने अर्धा ठेवला, मध्ये डेट्रॉइटला घातलं, त्यांनी उरलेल्याचा अर्धा ठेवला, आणि टॅम्पाच्या कॅपवर फक्त १.०६ मिलियन आले. डेट्रॉइटला या नुसत्या मधे उभं राहण्याचा चौथ्या राउंडचा पिक मिळाला. स्वस्त का? कारण सीझनचे थोडेच आठवडे उरले होते. कॅप दिवसावर मोजली जाते, ४ मिलियनच्या माणसाचा पाव सीझन उरला असेल तर कॅपवर मोजायचे १ मिलियन. आता २०२५-२६ पासून या डबल रिटेन्शनमध्ये ७५ दिवसांचं अंतर लागतं, त्यामुळे डेडलाइनच्या (सीझनमध्ये ट्रेड करायची शेवटची तारीख) दिवशीची ही दलाली बंद पडल्यात जमा आहे.

स्टेप ५: बायआउटचं गणित हाताने करून बघा

बायआउट म्हणजे ठराविक पैसे देऊन करार मध्येच संपवणं. हे गणित एकदा वहीवर केलंत की परत कधी गोंधळ होत नाही. नियम असा: प्लेअर २६ किंवा पुढचा असेल तर उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश द्यायचे, २६ च्या आतला असेल तर एक तृतीयांश, आणि ते उरलेल्या वर्षांच्या दुप्पट वर्षांत वाटून.

समजा ३० वर्षांचा प्लेअर, दोन वर्षं शिल्लक, पगार आणि कॅप हिट दोन्ही ६ मिलियन, बोनस नाही. उरलेले १२, त्याचे दोन तृतीयांश ८, चार वर्षांत वाटले, वर्षाला २. म्हणजे पहिली दोन वर्षं ६ ऐवजी २, दरवर्षी ४ मोकळे. पण पुढची दोन वर्षं, जेव्हा तो करार तसाही संपलेला असता, तेव्हा २-२ मिलियन नुसते पडून. याला डेड कॅप म्हणतात. थोडक्यात आजची अडचण उद्याच्या नावावर लिहून ठेवायची.

साइनिंग बोनस मात्र कापला जात नाही, तो पूर्ण द्यावा लागतो आणि पूर्ण मोजला जातो. म्हणून हुशार एजंट करारात बोनस ठासून भरतात, असा करार बायआउट केला तर हाताला फारसं काही लागतच नाही. आणखी दोन अटी, जखमी प्लेअरचा बायआउट करता येत नाही, आणि त्याची खिडकी मुख्यतः जूनच्या मध्यापासून ३० जूनपर्यंतच उघडी असते.

मोठं उदाहरण मिनेसोटाचं. ४ जुलै २०१२ ला त्यांनी झॅक परिझे आणि रायन सूटर दोघांना प्रत्येकी १३ वर्षं ९८ मिलियन दिले. २०२१ मध्ये दोघांनाही एकाच दिवशी बायआउट. पहिल्या वर्षी डेड कॅप ४.७४ मिलियन, बरं वाटलं. मग १२.७४. मग सलग दोन सीझन १४.७४! ८३.५ च्या कॅपमधले पावणेपंधरा मिलियन, म्हणजे एक सुपरस्टार आणि वर एक बरा डिफेन्समन, हवेत. हे त्यांना आधीच माहिती होतं, गणित सगळ्यांसमोर होतं, तरी केलं. आणि मला विचाराल तर वाईट निर्णय नव्हता, त्या काळात २०२३-२४ सोडलं तर ते प्लेऑफला पण गेले. पण २०२८-२९ पर्यंत त्यांच्या कॅपवर १.६७ मिलियन या दोघांच्या नावाने आहेतच.

स्टेप ६: आता मुख्य बाजार, पिक देऊन पगार उतरवणं

घरातला जुना सोफा काढायचा असतो तेव्हा भंगारवाला त्याचे दोन-चारशे देतो असं आपल्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात चौथ्या मजल्यावरून खाली न्यायचे तोच आपल्याकडून घेतो. तोच हा प्रकार. प्लेअर द्यायचा आणि वर "स्वीटनर" द्यायचा, पिक नाहीतर तरुण प्लेअर.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण पॅट्रिक मार्लोचं, ते जरा सावकाश बघू, कारण याच्यात सगळं काही आहे.

जून २०१९. टोरंटो मेपल लीफ्सना मिच मार्नरचा नवीन करार करायचाय (तो शेवटी १०.९ मिलियनच्या आसपास गेला). ऑस्टन मॅथ्यूज आणि जॉन टवारेसचे मोठे करार आधीच झालेले. मार्लो तेव्हा ३९ वर्षांचा, ६.२५ मिलियन, एकच वर्ष शिल्लक. बायआउट करा की? नाही, ३५ च्या पुढे केलेल्या त्याच्या कराराला बायआउट केला तरी कॅपमध्ये सुटका मिळत नव्हती. खाली पाठवा? तेच. त्यात नो-मूव्ह क्लॉज, म्हणजे त्याच्या होकाराशिवाय हलवता येत नाही, आणि त्याला पश्चिमेला घरच्या बाजूला परतायचं होतं. सगळी दारं बंद. २२ जूनला लीफ्सचे जीएम काइल ड्यूबस यांनी कॅरोलायनाला मार्लो दिला, २०२० चा फर्स्ट राउंड पिक दिला, सातव्या राउंडचा पण दिला, आणि बदल्यात सहाव्या राउंडचा घेतला. पिक टॉप १० मध्ये आला तर एक वर्ष पुढे ढकलायची अट.

कॅरोलायनाने पाच दिवसांत मार्लोचा बायआउट केला. मूळ पगार कमी, बोनस जास्त, त्यामुळे त्यांनी प्रत्यक्ष मोजले साधारण ३.८ मिलियन. कॅपवर ६.२५ तसेच बसले पण त्यांना जागा होती, फरक पडला नाही. म्हणजे कॅरोलायनाच्या मालकाने ३.८ मिलियनला एक फर्स्ट राउंड पिक विकत घेतला. ड्राफ्ट पिक रोख पैशाने विकत घ्यायला लीगमध्ये बंदी आहे, पण अशा वळणाने घेतला तर चालतो, ही या सगळ्या बाजारातली गंमत.

पुढे काय झालं? २०२० च्या प्लेऑफच्या आधीच्या फेरीत लीफ्स कोलंबसकडून हरले, ड्राफ्टमध्ये वरचा नंबर देणारी लॉटरी पण लागली नाही, पिक १३ व्या नंबरवर आला, अट चुकली, आणि कॅरोलायनाने उचलला सेथ जार्व्हिस. आज तो त्यांच्या पहिल्या फळीतला फॉरवर्ड आहे, आठ वर्षांचा करार करून बसलाय. टोरंटोत अजूनही कुणाला मार्लो म्हणा, पुढचा शब्द जार्व्हिस येतो.

आता भाव काढा. ६.२५ मिलियन, एक वर्ष, किंमत एक फर्स्ट. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कॅल्गरीने नाझेम काद्रीला ७ मिलियनवर सही केली त्याच दिवशी शॉन मोनाहन, ६.३७५ मिलियन, एक वर्ष, माँट्रियलला दिला, किंमत अटी घातलेला एक फर्स्ट. म्हणजे फ्लॅट कॅपच्या काळात एका वर्षाच्या सहा-सव्वासहा मिलियनला एक फर्स्ट राउंड पिक, हा ढोबळ भाव धरा. माँट्रियलचं नशीब असं की मोनाहन तंदुरुस्त झाला आणि २०२४ मध्ये त्यांनी तो विनिपेगला दिला, परत एका फर्स्टला. एकाच माणसावर दोन फर्स्ट, एकदा घ्यायचे म्हणून आणि एकदा द्यायचे म्हणून.

खालचा भाव पण बघा. शेन गॉस्टिसबेअर, ४.५ मिलियन, दोन वर्षं, फिलाडेल्फियाने २०२१ ला अॅरिझोनाला दिला आणि वर एक सेकंड आणि एक सातव्या राउंडचा. पुढच्याच सीझनला त्याने अॅरिझोनात ५१ पॉइंट (स्वतःचे गोल अधिक दुसऱ्यांच्या गोलला केलेली मदत) केले. पीटर म्राझेक, ३.८ मिलियन, दोन वर्षं, टोरंटोने २०२२ च्या ड्राफ्टला शिकागोला दिला आणि किंमत म्हणून २५ व्या नंबरवरून ३८ व्यावर उतरले. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यात शहाणा वाटतो, पिक जात नाही, फक्त रांगेत मागे जाता, आणि ३८ वर पण त्यांना फ्रेझर मिंटनसारखा पोरगा मिळाला.

उलट मॅक्स पॅचिओरेटी, ७ मिलियन, वेगासने २०२२ मध्ये कॅरोलायनाला डिलन कॉगलनसकट नुसता देऊन टाकला, पिक घेतला नाही आणि दिलाही नाही. गोल करणारा माणूस होता, म्हणून स्वीटनर लागला नाही. म्हणजे भाव पगाराच्या आकड्यावर ठरत नाही, पगार आणि प्लेअरची खरी किंमत यातल्या फरकावर ठरतो.

स्टेप ७: पिक द्यायचा की पोरगा, इथे थांबून विचार करा

माझं स्पष्ट मत, पिक द्या, हातातला तरुण प्लेअर देऊ नका. पिक म्हणजे चिठ्ठी, निघाली तर निघाली. पोरगा तुम्ही स्वतः खेळताना बघितलाय. शिकागोने २०१६ मध्ये ब्रायन बिकलचे ४ मिलियन, फक्त एका वर्षाचे, उतरवायला त्याच्यासोबत ट्यूवो तेराव्हाइनेनला कॅरोलायनाला दिलं. बदल्यात एक सेकंड आणि एक थर्ड. तेराव्हाइनेन २१ वर्षांचा होता, २०१८-१९ ला त्याने ७६ पॉइंट केले. चार मिलियनच्या एका वर्षासाठी इतका महाग सौदा मला तरी दुसरा सांगता येणार नाही. (कॅरोलायनाचं नाव परत परत येतंय ना? योगायोग नाही, जागा राखून ठेवायची आणि दुसऱ्याची अडचण विकत घ्यायची हे त्यांनी बरीच वर्षं पद्धतशीर केलं.)

स्टेप ८: लांबचा करार घेऊन जवळचा उतरवू नका

जुलै २०२१, व्हँकुव्हर. लुई एरिक्सन ६ मिलियन, जे बीगल ३, अँटुआन रुसेल ३, एकूण १२ मिलियन, आणि तिघांचंही एकेकच वर्ष शिल्लक. गप्प बसले असते तर पुढच्या उन्हाळ्यात १२ मिलियन आपोआप मोकळे. पण जीएमची खुर्ची हलत होती, घाई होती. तिघांना अॅरिझोनाला दिलं, वर त्या वर्षीचा नववा पिक, एक सेकंड, एक सेव्हन्थ. घेतलं काय? कॉनर गार्लंड, जो खरंच चांगला निघाला, आणि ऑलिव्हर एकमन-लार्सन, ८.२५ मिलियन, अॅरिझोनाने १२ टक्के ठेवून व्हँकुव्हरला ७.२६, सहा वर्षं!

दोन वर्षांत त्याचा बायआउट करावा लागला, चार वर्षं शिल्लक होती म्हणून आठ वर्षांची डेड कॅप, २०३०-३१ पर्यंत, त्यातली दोन वर्षं तर ४.७७ मिलियनच्या आसपास. एकमन-लार्सन पुढच्याच वर्षी फ्लोरिडासोबत कप जिंकला. नवव्या नंबरवर अॅरिझोनाने डिलन गेंथर उचलला, टीम आता युटाला गेलीय आणि तो तिथला मोठा गोल स्कोरर आहे. एक वर्षाची अडचण सोडवायला दहा वर्षांची विकत घेतली. म्हणून कुठलाही असा ट्रेड दिसला की आधी दोन्ही बाजूंची शिल्लक वर्षं लिहून काढा, मिलियन नंतर.

स्टेप ९: क्लॉज वाचा, नाहीतर सगळं वाया

नो-ट्रेड यादी म्हणजे प्लेअर ठराविक टीम्सची नावं देतो, तिथे जाणार नाही म्हणून. मार्च २०२२ च्या डेडलाइनला वेगासने एव्हगेनी दादोनोव्ह, ५ मिलियन, अॅनाहाइमला दिला, वर सेकंड राउंड पिक. टीव्हीवर जाहीर पण झालं. मग कळलं की त्याच्या दहा टीम्सच्या यादीत अॅनाहाइम आहे. वेगासला तो ओटावाकडून आला होता आणि या क्लॉजची माहिती तिथून नीट पोचलीच नव्हती. लीगने दोन दिवसांत ट्रेड रद्द केला, दादोनोव्ह परत वेगासच्या ड्रेसिंग रूममध्ये, ज्यांनी त्याला काढायचं ठरवलं होतं त्यांच्याच शेजारी बसून बूट बांधतोय. कसं वाटलं असेल कुणास ठाऊक, पण त्याने गोल मारायला सुरुवात केली. वेगास तरी प्लेऑफ चुकलेच. ओटावाला २०२३ मध्ये शिक्षा झाली, एक फर्स्ट राउंड पिक जप्त करायचा निर्णय, आणि जीएमची नोकरी त्याच दिवशी गेली.

स्टेप १०: कधी बघायचं, आणि आत्ताचा भाव

वर्षातले ठराविक दिवस असतात. जूनच्या शेवटचा ड्राफ्ट, कारण पिक हातात असतात आणि १ जुलैला फ्री एजन्सी (करार संपलेल्या प्लेअर्सचा खुला बाजार) उघडायच्या आधी जागा हवी असते. उन्हाळ्यात कॅपच्या १० टक्के वर राहता येतं म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये लोक निवांत दिसतात, खरी धांदल सप्टेंबरच्या शेवटी-ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सीझन सुरू होताना सगळ्यांना आकड्याच्या आत यावंच लागतं. जितकी तारीख जवळ तितका भाव चढा. जो जीएम जूनमध्ये थर्ड राउंड पिकमध्ये सुटला असता तो सप्टेंबरमध्ये सेकंड देतो.

वर दिलेले भाव मात्र आज जसेच्या तसे लावू नका. कॅप ८८ वरून ९५.५ वर गेली, २०२६-२७ साठी १०४ चा आकडा आधीच सांगून ठेवलाय. बऱ्याच टीम्सकडे जागा आहे, त्यामुळे जागा विकणाऱ्यांची चलती गेली, जिथे आधी फर्स्ट लागायचा तिथे आता कितीतरी कमीत काम होतं, आणि ठीकठाक प्लेअर असेल तर स्वीटनरशिवायही जातो. ५ मिलियनचा करार ८१.५ च्या कॅपमध्ये सहा टक्क्यांच्या वर होता, १०४ मध्ये पाच टक्क्यांच्या खाली. म्हणून मिलियनपेक्षा टक्क्यांत मोजायची सवय लावा, जुने आणि नवे ट्रेड त्यानेच शेजारी ठेवून बघता येतात.

सरावाला आपली टीम घ्या, करारांची यादी काढा, आणि ज्यांची दोन किंवा जास्त वर्षं शिल्लक आहेत, बोनस जास्त आहे आणि क्लॉज आहे अशा नावांवर खूण करा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली वेव्हर्सची यादी आली की त्यातलं एखादं नाव सापडतं का बघा. सापडलं आणि कुणीच उचललं नाही, तर त्या प्लेअरचा आणि सोबत जाणाऱ्या पिकचा ट्रेड कधी ना कधी वाचायला मिळेल.